तोंडाचा बाजा

रुखमानं बिडी सोडली ही गोष्ट रोहणा गावात फक्त दोघींना ठाऊक होती. एक स्वतः रुखमा आणि दुसरी जिजाबाई. आता जिजाबाईला ठाऊक असलेली गोष्ट दोघींतच कशी राहिली, असं कोणी विचारलं तर तो त्या बाईचा अपमान आहे. जिजाबाईचं तोंड फाटकं होतं हे खरं, पण ते बोलण्याच्या बाबतीत. सांगण्याच्या बाबतीत ते शिवलेलं होतं. बोलणं आणि सांगणं यांत फरक असतो, आणि ज्यांना तो कळत नाही त्यांच्याशी जिजाबाई बोलतही नसे आणि त्यांना काही सांगतही नसे.

त्या सकाळी ती मागच्या दारात बसून दात घासत होती. डाव्या तळहातावर काळं मंजन, उजव्या हाताचं बोट तोंडात. हे मंजन तंबाखू भाजून करतात. ते घासल्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे, आणि दुपारी, चहानंतर, जेवणानंतर आणि सून एखाद्या शब्दाला चुकली त्यानंतर त्याला पुन्हापुन्हा उगवावं लागे. पण ते मंजन होतं. तंबाखू नव्हता. एवढं ध्यानात ठेवायचं.

दोन घरांच्या मधे तुराट्यांचं कुंपण होतं आणि कुंपणाला रुखमाएवढं भगदाड. त्यातून रुखमा आली.

"जिजा, म्या बिडी सोडली."

"कधी?"

"आत्ता. येता येता."

"मंग तोंडात का हाये?"

रुखमा दचकली. ओठांतली बिडी काढून तिनं ती परक्याच्या वस्तूसारखी पाहिली. "सवयीनं राह्यली वं," म्हणाली आणि पायाखाली चुरडून टाकली.

कारण असं होतं. रुखमाची लेक सोनम बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगा झाला. सोनम नर्सिंग शिकलेली. तिनं आल्या दिवशीच फर्मान काढलं, की बिडीच्या वासाचा हात बाळाला लागणार नाही. रविवारी बारसं. पाळण्यात बाळ आजीनं घालायचं असतं. पण आज्या दोन असतात. दुसरी तळेगावहून येणार होती, सोनमची सासू.

"म्हणते कशी, तुह्या हाताले वास आला तं सासू ठेवन बाळ पाळण्यात. माह्याच घरात! माह्याच पाळण्यात!" रुखमाचे डोळे भरून आले. "जिजा, म्या अजून पोराले हात नाई लावला. दाराआडून पायतो."

तळेगावची ती विहीण जिजाबाईनं लग्नात पाहिली होती. जेवताना वरणात मीठ कमी आहे असं तीनदा म्हणाली होती, आणि वरण जिजाबाईनं केलं होतं. जिजाबाईनं तिथंच मनात ठरवलं : ते बाळ रुखमाच पाळण्यात घालणार, मग आभाळ कोसळो.

"कोणाले सांगू नको," रुखमा म्हणाली. "मागं सोडली होती तवा चंदननं दुकानात सगळ्याईले चहा पाजला अन् संध्याकाळी मलेच बिडी विकली. साऱ्या गावानं दात काहाडले. आता पुन्हा हसले तं मी नाई सहन कराची."

"माह्या तोंडातून शब्द गेला तं सांगजो."

आणि खरंच, शब्द गेला नाही. जे गेलं त्याला शब्द म्हणता येत नाही.

भेटीची कल्पना सुनेमुळे सुचली. सून पौर्णिमा, म्हणजे पोराची, प्रफुल्लची बायको, शाळेत शिक्षिका. ती कोणी पास झालं की भेट द्यायची, कोणी बदलून गेलं की भेट द्यायची, कोणी परत आलं तरी भेट द्यायची. आणि नुसती नाही, विचारपूर्वक. हा शब्द तिचा. जिजाबाई स्वतः दुसरीपर्यंत शिकली होती. तिसरीत ती गेली नाही हे तिचं नशीब नव्हे, गुरुजींचं होतं. पण शिकलेल्यांचं एखादं पटलं तर ते उचलायला ती कमी करत नसे. फक्त कोणाचं उचललं ते सांगत नसे.

"पौर्णिमा, माह्या वयखीची एक बाई आहे. लांबची. तिनं बिडी सोडली. तिले का द्यावं?"

"रुखमामावशींनी बिडी सोडली?"

"मी रुखमा म्हटलं का? लांबची म्हटलं."

"किती लांबची, आई?"

"कुंपणापल्याडची नोहे, येवढं समजून घे."

पौर्णिमानं समजून घेतलं. औषधाच्या दुकानात बिडी सोडायच्या गोळ्या मिळतात, चघळायच्या, असं ती म्हणाली. चघळून काय होतं? रुखमाला दात होते कुठं? जिजाबाई नवऱ्याकडे वळली. बाबाराव ओसरीत बसले होते. त्यांना ऐकू कमी यायचं. काही लोक म्हणत, लग्नाआधी नीट यायचं.

"आइकता का वो? माह्या वयखीची एक बाई आहे..."

"कोणती बाई?" बाबाराव घाबरून उठले. "मी कोण्या बाईले वयखत नाई! कोणी सांगितलं तुले?"

त्यांना पुन्हा बसवण्यात अर्धा दिवस गेला.

उरले शेजारचे बबनराव. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य कचेरीत गेल्यामुळं त्यांना पाण्याची नाही, पण कागद कुठून कुठं वाहतो याची पूर्ण माहिती. ते भिंतीवरून डोकं काढून म्हणाले, "वहिनी, असं मनानं काही करायचं नाही. प्रक्रियेनं जायचं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सल्ला मिळते. फुकट. रुखमाबाईला घेऊन जा."

"रुखमा कोण म्हटलं?"

"बरं, लांबच्या बाईला घेऊन जा."

लांबच्या बाईला नेणं शक्य नव्हतं, कारण ती गुप्त होती. तेव्हा जिजाबाई एकटीच एसटीत बसून गेली, धुतलेलं नऊवारी नेसून, जणू सोयरीक जुळवायला.

खिडकीतला माणूस वर न पाहता म्हणाला, "पेशंट?"

"घरी हाये."

"पेशंटशिवाय कार्ड निघत नाही."

"मले कार्ड नको. सल्ला पाह्यजे."

"सल्ला कार्डावर मिळते."

"मंग काहाडा कार्ड."

"नाव?"

आता आली का पंचाईत! रुखमाचं नाव सांगावं तर वचन मोडतं. मागच्या रांगेत आर्वीची, रोहण्याची, इकडची तिकडची माणसं कान टवकारून उभी. जिजाबाईनं पदर सावरला आणि मान ताठ ठेवून म्हणाली, "जिजाबाई."

"व्यसन?"

"बिडी."

हा शब्द तिनं हळू उच्चारला होता. पण खिडकीतल्या माणसानं तो लिहिताना मोठ्यानं म्हटला. रांग वळून पाहू लागली. एका बाईनं आपलं पोर उचलून दुसऱ्या कडेवर घेतलं. ज्या जिजाबाईच्या घरासमोरून जाताना गावातले बाप्ये बिडी मुठीत लपवायचे, तिच्या हातात 'जिजाबाई, बिडी' असं लिहिलेलं कार्ड आलं. मैत्रीसाठी माणसं विहिरीत उडी घेतात म्हणे. घेत असतील. विहिरीत निदान रांग नसते.

आतल्या खोलीत सपना नावाची पोरगी बसली होती, पौर्णिमाहून लहान, गोड बोलणारी. "बसा आजी. तोंड उघडा बरं." तोंड उघडायला जिजाबाईला कोणी सांगण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. सपना वाकून बघत म्हणाली, "बिडीसोबत मिश्री पण आहे का?"

"मंजन हाये थे."

"तेच ते, आजी."

"तेच ते कसं? बिडी पेटते. हे पेटते का?"

सपना हसली आणि कार्डावर आणखी काहीतरी लिहिलं. मग तिनं एक गोष्ट मात्र लाखाची सांगितली. "तलब आली ना आजी, की हाताला आणि तोंडाला दुसरं काम द्यायचं. थोड्या वेळात तलब निघून जाते." मग तिनं मोबाईल नंबर मागितला. "आम्ही अधूनमधून फोन करून विचारू." जिजाबाईनं नंबर दिला आणि तिथंच विसरली.

हाताला आणि तोंडाला काम. स्टँडवर गाडी उभी होती, जिजाबाई खिडकीजवळ बसून हाच विचार करत होती, आणि खाली खेळणीवाला आला. त्याच्या तोंडाला एक चपटा बाजा. तो हातानं धरून तोंडावर इकडून तिकडं फिरवत होता. श्वास आत ओढला की एक सूर, बाहेर सोडला की दुसरा. जिजाबाई खिडकीत अर्धी बाहेर आली. आत ओढायचं, बाहेर सोडायचं. बिडीचंच काम, फक्त धूर नाही! आणि रुखमाला वाजवण्याचं अंग होतं. कापूस वेचायला दोघी बरोबर जायच्या तेव्हा रुखमा पळसाचं पान ओठांत धरून असं वाजवायची, की पलीकडच्या वावरातले लोक वेचणी थांबवायचे.

तिनं घासाघीस सुरू केली. घासाघीस न करता वस्तू घेणं म्हणजे दुकानदारावर उपकार करणं, आणि उपकार ती फक्त नातेवाइकांवर करायची, बोलून दाखवता येतात म्हणून. खेळणीवाला उतरत आला, उतरत आला, आणि अगदी तिच्या भावावर येऊन टेकला तेवढ्यात गाडी सुटली. "त्या ड्रायव्हरले कायची घाई!" ती गावापर्यंत म्हणत आली. तसाही तो बाजा प्लास्टिकचा होता. रुखमाच्या दमापुढं टिकला नसता.

दुसऱ्या दिवशी बाबाराव आर्वीच्या बाजाराला निघाले. जिजाबाईनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "रुखमासाठी बाजा आणजा. चांगला. मजबूत. लोखंडी असन तं बरं."

"आणतो," बाबाराव म्हणाले.

दिवस कलताना दारासमोर मालाची रिक्षा थांबली. बाबाराव पुढं बसलेले, विजयी चेहऱ्यानं. मागं उभी बांधलेली, हिरव्या पट्ट्यांची, घडीची, नवी कोरी, लोखंडी बाज. आमच्याकडे खाटेला बाज म्हणतात.

"हे का आणलं?"

"बाज. मजबूत हाये. मी बसून पाह्यलं."

"मी बाजा म्हटलं होतं, बाजा!"

"मंग हे का हाये?"

"तोंडानं वाजवाचा बाजा!"

बाबारावांनी बाजेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "बाजेवर पडून कोणी तोंड वाजवते का?"

"दाखवू का आता वाजवून?"

भिंतीवर बबनरावांचं डोकं उगवलं. "वहिनी, बिडी सोडणाऱ्याला आराम लागते, हे बरोबर. पण बाजेपेक्षा गादी..."

"भाऊजी, तुमी डोकं आत घ्या. इथी वाळत घालाले कपडे हायेत."

बाज परत करता येईना. दुकानदारानं विकलेली वस्तू परत घेत नाही अशी पाटी लावली होती आणि बाबारावांना वाचता चांगलं येत होतं. बाज ओसरीत भिंतीला टेकून उभी राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, पाहुणे येणार का. जिजाबाई म्हणायची, "हो, तुमी या."

इकडं रुखमाचं बरं चाललं नव्हतं. ती गूळ खायची, बकरीवर ओरडायची, गोमाजीवर ओरडायची. गोमाजी म्हणजे तिचा नवरा, मुळात कमी बोलणारा माणूस. तो बकरीशेजारी जाऊन बसायला लागला, एकत्र ऐकलेलं बरं म्हणून. संध्याकाळी जिजाबाई भगदाडातून जायची आणि न बोलता रुखमाचा हात नाकाशी धरायची. वास नसायचा. पण बोटं अजून बिडी धरल्यासारखीच असायची.

शुक्रवारी रुखमा हात सोडवून घेत म्हणाली, "जिजा, मले नाई वाटत जमन म्हणून. घालू दे तिच्या सासूले पाळण्यात. बाळाले का समजते कोणाचा हात हाये थो?"

रुखमा असं हरल्यासारखं कधी बोलली नव्हती. जिजाबाई तडक भगदाडातून माघारी फिरली. ती घरी आली आणि फोन उचलला.

नाचणगावला तिच्या बहिणीचा पोरगा होता, प्रेमदास. त्याचा बँड होता. ज्याच्या घरात एवढाले बाजे, त्याच्याकडे एक छोटा नसेल?

"हॅलो मावशी! जय भीम!" मागं कोणीतरी कर्णा फुंकत होतं, त्यामुळं प्रेमदास ओरडून बोलत होता, आणि त्यामुळं जिजाबाईही.

"जय भीम. आइक. बाजा पाह्यजे. रुखमाच्या घरी. लहानसा."

"लहानसा?"

"लहानसा. तोंडाचा."

"नुसता तोंडाचा? ढोल-ताशा नको?"

"ढोल कायले? ढोलानं का होते? फुकता आलं पाह्यजे, बस."

"समजलं, मावशी. कधी?"

"उद्या सकाळी. अन् पाय, बोभाटा नाई कराचा. गुपचूप येजो."

प्रेमदासनं कर्णेवाल्याला थांबवलं. "गुपचूप?"

"गुपचूप म्हटलं ना! मावशीचा शब्द एकदा आइकाचा असते."

प्रेमदासचं चुकलं असं कोणी म्हणू नये. बँडवाल्यांच्या लेखी बाजे दोनच प्रकारचे, हाताचे आणि तोंडाचे. मुहूर्त नव्हते, माणसं रिकामी होती, आणि मावशीच्या मैत्रिणीकडचं काम, त्याचे पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. त्यानं एवढंच मनाशी म्हटलं, की मावशीचं वय झालं.

शनिवारी सकाळी जिजाबाई मंजन घेऊन मागच्या दारात बसली, आणि तिचं बोट तोंडातच थांबलं. भगदाडातून रुखमाचा गोठा दिसत होता. रुखमा बकरीच्या आडोशाला उकिडवी बसली होती. छपरात हात घालून तिनं कुठलीतरी जुनी दडवलेली बिडी काढली. चंदनच्या दुकानाला विसरलं तरी छपराला कोण विसरतं? दुसऱ्या हातात काडीपेटी.

जिजाबाई उठली. तिनं तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

ओरडावं तर कसं? गोठ्याला लागून सोनमची खोली, खिडकी उघडी. एक हाक मारली की सोनमचं डोकं बाहेर, मग झालंच. ज्या तोंडानं तिनं सरपंचाला माघारी धाडलं होतं, वीजबिलवाल्याला रडवलं होतं, ते तोंड आयुष्यात पहिल्यांदा कामाला येईना. तिनं हात हलवले. पदर हलवला. मंजनाची डबी फेकली, ती गोठ्याच्या कडेच्या बाभळीला लागली. रुखमाची पाठ होती. काडी पेटीवर ओढली. पेटली.

"भोंऽऽऽऽऽ!"

पुढच्या अंगणातून असा आवाज निघाला, की तुराट्या थरथरल्या. त्यामागोमाग दुसरा, तिसरा, चौथा. रुखमा जागच्या जागी उडाली. काडी शेणात पडली, बिडी बकरीपुढं. बिडीला वरून तेंदूचं पान असतं. बकरीनं पान पाहिलं आणि बिडी खाऊन टाकली.

जिजाबाई भगदाडातून पळाली. बरीच वर्षं ती पळाली नव्हती. भगदाड रुखमाएवढं होतं, तिच्याएवढं झालं.

अंगणात लाल डगले घातलेले चौघेजण. एकाकडं सनईसारखी काळी क्लॅरनेट, दोघांकडं पितळी कर्णे, आणि चौथ्याच्या अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळलेला एक भलामोठा भोंगा. ते गल्लीतून चवड्यांवर चालत, श्वास रोखून, गुपचूप आले होते आणि आल्यावर एकदम सुटले होते. वाजवत होते लग्नातलंच. पण ढोल नसला की लग्नातलं गाणंही असं रडवं वाजतं, की ऐकणाऱ्याचा हात आपोआप डोक्यावरच्या टोपीकडं जातो.

माणसं गोळा व्हायला लागली. चेहरे उतरलेले. बबनराव खांद्यावर पंचा टाकून आले. चंदन दुकान उघडं टाकून आला. गोमाजी ओट्यावर चहा पीत होता. बबनराव त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्यानं विचारलं, "गोमाजी, कोण गेलं?"

गोमाजीनं कप खाली ठेवला. आजूबाजूला पाहिलं. "मी तं नाई," म्हणाला.

जिजाबाईनं प्रेमदासला डगल्याला धरून बाजूला ओढलं. "हे का आणलं रे, भैताडा?"

"तोंडाचा बाजा, मावशी! लहानसा. मोठा आमचा बारा जणांचा असते."

"मी हाताएवढा सांगितला होता!"

"मग हाताचा म्हणायचं ना, मावशी. ढोल आणला असता."

बाजा थांबला होता. सगळं गाव एकमेकांकडं पाहत होतं, आणि गोठ्याकडून रुखमा आली. केस सुटलेले, हाताला शेण. ती सरळ जिजाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"तू सांगितलं."

"मी एक शबूद नाई बोलली. प्रफुल्लच्या बापाची शप्पथ."

"शबदानं नाई सांगितलं. बाजानं सांगितलं!"

"कायचा बाजा हाये, रुखमामाय?" चंदननं विचारलं. "मयत नाई, लगन नाई. झालं तरी का?"

जिजाबाईनं जन्मात पहिल्यांदा खाली मान घातली. रुखमा तिच्याकडे बघत राहिली. मग चौघा लाल डगलेवाल्यांकडे, त्या अजगरासारख्या भोंग्याकडे, आणि बाभळीखाली पडलेल्या मंजनाच्या डबीकडे. जिजानं गोठ्यातली बिडी पाहिली होती आणि तरी तोंडातून शब्द काढला नव्हता, हे तिला कळायला वेळ लागला नाही. तिनं कमरेवर हात ठेवले.

"आइका सारे! म्या बिडी सोडली. या बाईनं त्याच्यासाठी बाजा आणला. कोणाच्या घरी कोणी काई सोडलं तं बाजा येते का? माह्या घरी आला! आता हसाचं त्यानं हसून घ्या."

कोणी हसलं नाही. चंदन पुढं झाला. "रुखमामाय, बाजा लावून सोडली म्हणजे पक्की सोडली. आता माह्या दुकानातून तुमाले बिडी देणार नाई. देल्ली तं या गावात राहू का मी?" बायकांनी टाळ्या वाजवल्या. बबनरावांनी खांद्यावरचा पंचा हळूच काढून कमरेला गुंडाळला. मग प्रेमदासनं इशारा केला आणि चौघे असे वाजवू लागले, की ढोल नाही हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. पोरांनी पिंपं बडवायला घेतली होती.

छपरातल्या त्या बिडीबद्दल जिजाबाई कधीच कोणाला काही बोलली नाही. ते दोघींतच राहिलं. बकरी धरून तिघींत.

दारात सोनम आली, बाळ खांद्यावर. "माय, हात धुवून ये. साबणानं."

रुखमा धुवून आली. सोनमनं आईचे हात नाकाशी नेले, उलटसुलट केले. गल्ली माना उंचावून पाहत होती.

"बकरीचा वास येते."

"बकरीचा चालन का?"

सोनम हसली. जिजाबाईनं वळून आपल्या ओसरीकडं हात केला आणि बाबाराव, ज्यांना काही ऐकू गेलं नव्हतं पण सगळं दिसलं होतं, नवी बाज डोक्यावर घेऊन आले. ती उघडली, अंगणात ठेवली. रुखमा बाजेवर मांडी घालून बसली आणि सोनमनं बाळ तिच्या मांडीत दिलं. एवढा कल्ला चालला होता, तरी पोरगा ढिम्म झोपलेला. बँड थांबला की रडायचा, वाजला की झोपायचा. तेव्हा थांबता येईना. भोंगेवाल्याचे गाल टोमॅटोसारखे झाले.

आणि जिजाबाईच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिला फोन एकाच पद्धतीनं घेता यायचा, मोठ्या आवाजात. तिनं घेतला. बँड अदबीनं थांबला.

"हॅलो, जिजाबाई बोलता का? मी दवाखान्यातून सपना. बिडी आणि तंबाखू सोडून कसं वाटून राह्यलं, आजी? तलब येते का?"

फक्त बाळ रडत होतं.

"बिडी?" चंदन म्हणाला. "मोठी माय, तुमी बी?"

"बिडी तिची!" जिजाबाई फोनवर कडाडली. "कार्ड माह्यं!"

"बरं, बरं. आणि मिश्री, आजी?"

"मंजन हाये थे!"

बाजेवरून रुखमा बोलली, बाळाला थोपटत, अगदी सावकाश. "जिजा, थे मंजन नोहे. तुले बी ठाऊक हाये, मले बी, बकरीले बी. माह्या घरी बाजा वाजवला. आता तुह्या घरी वाजू दे की."

गल्ली जिजाबाईकडं बघत होती. पौर्णिमा दारात तोंडावर पदर धरून उभी, आणि पदराआड काय चाललं होतं हे जिजाबाईला पदर न उचलता दिसत होतं. नाही म्हणावं तर रुखमाच्या पुढं हरली. पुन्हा मंजन म्हणावं तर फोनवर पोरगी हसणार. तिनं पदर खोचला.

"सोडली म्हणते ना मी! जिजाबाईनं सोडली म्हणजे सोडली. लिहून घे!"

फोन बंद व्हायच्या आत भोंगा सुटला. लाल डगले पुढं, पिंपं बडवणारी पोरं मागं, बाजा कुंपणाला वळसा घालून जिजाबाईच्या दारात गेला. एवढ्याशा अंतरासाठी एवढी मोठी मिरवणूक रोहण्यात निघाली नव्हती.

रविवारी तळेगावची विहीण आली. बाळ रुखमानं पाळण्यात घातलं. विहीण म्हणाली, वरणात मीठ थोडं कमी आहे. जिजाबाई म्हणाली, "तुमच्या तोंडात असन तं टाकून घ्या." एवढं एकच बोलली. पाहुण्यांची मर्यादा तिला कळत होती.

सोमवारी सकाळी ती मागच्या दारात बसली. डावा तळहात रिकामा. उजवं बोट रिकामं. दिवस उगवला होता, पण तिचा नव्हता. पौर्णिमाला उगाच चार शब्द सुनावले, तरी उगवला नाही. भगदाडातून रुखमा आली. आता दोघी शेजारी शेजारी येऊ शकतील एवढं ते मोठं झालं होतं. तिनं पदराखालून एक कागदाची पुडी काढली.

"प्रेमदासनं पाठवलं. म्हणे, आता समजलं मावशीले का पाह्यजे होतं थे."

आत हाताएवढा, चकचकीत, लोखंडी तोंडाचा बाजा.

"मंग मले काऊन देतं? तुह्यासाठी हाये."

"मले कायले? पोरगं दिवसभर हातात असते. बिडी धराले हात कोठी हाये माह्या?" रुखमा पायरीवर तिच्याजवळ बसली. "काम तुह्या तोंडाले पाह्यजे, जिजा. गावाचं बी भलं होईन."

जिजाबाईनं बाजा उलटसुलट पाहिला. ओठांना लावला. छाती भरून श्वास घेतला आणि फुंकला. कुंपणावरचे कावळे उडाले. बबनरावांचं डोकं भिंतीवर उगवलं आणि लगेच मावळलं. पलीकडं बाळ रडता रडता थांबलं. जिजाबाईनं श्वास आत ओढला, पुन्हा सोडला, आणि रुखमा हसून हसून पायरीवरून घसरली.

आतून बाबाराव बाहेर आले. दोन्ही हात कानांवर, चेहऱ्यावर मोठं आश्चर्य.

"अवं," ते म्हणाले, "तू बाजा म्हणाली होती का? आता आइकू आलं."